हवाई अंतर आणि उड्डाणाचा काळ

दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को येथे जाण्यास विमानाला किती वेळ लागतो? अंतराला वेगाने भागले की उत्तर मिळेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु अंतर कोणते आणि वेग कोणता, हे आधी निश्चित झाले पाहिजे.

भिंतीवरील सपाट नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा हा सर्वांत जवळचा मार्ग नव्हे. कारण वाटोळी पृथ्वी कागदावर पसरताना अंतरे विकृत होतात. शाळेतील पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो सैबेरिया व आर्क्टिक महासागर यांवरून जातो. या रेषेस महावृत्ताचा कंस म्हणतात. त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. प्रत्यक्ष मार्ग मात्र वारे, निरनिराळ्या राष्ट्रांचे नियम आणि संकटकाळी उतरण्याजोगे विमानतळ यांचा विचार करून आखलेला असल्यामुळे अधिक लांब असतो.

आता वेग. नदीतील होडीला प्रवाह जसा साहाय्य किंवा विरोध करतो, तसाच विमानाला वारा करतो. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वायुप्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा १०० किलोमीटर आहे, असे मानू. ७,२०० किलोमीटरचे अंतर वारा पाठीशी असता ७ तास १२ मिनिटांत, तर वारा समोरून असता ९ तासांत तुटेल. वारा नसता तर प्रत्येक खेपेस ८ तास लागले असते. जाण्यायेण्याची बेरीज केली, तर वाऱ्यामुळे १२ मिनिटे अधिकच लागतात. तात्पर्य, जाताना झालेला लाभ येतानाची हानी पूर्णपणे भरून काढीत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाने अटलांटिकवरील नेहमीचा मार्ग सोडून पूर्वेकडे पॅसिफिकवरून उड्डाण केले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्या मार्गाहून सुमारे १,४०० किलोमीटर अधिक होता. तथापि वारा पाठीशी असल्याने विमान सुमारे साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले.

हा प्रश्न केवळ वेळेच्या बचतीचा नाही. समोरचा वारा वाढला, तर तेवढ्याच अंतरासाठी अधिक इंधन जळते. इंधन कमी घेतल्यास धोका असतो. अनावश्यक घेतल्यास ते ओझे वाहण्यातच काही इंधन खर्ची पडते. म्हणून उड्डाणापूर्वी वरच्या हवेतील वाऱ्यांचा अंदाज घेऊनच इंधनाचे प्रमाण ठरविले जाते.

हिवाळ्यात उत्तर भारतावरूनही असा पश्चिमी प्रवाह वाहतो. त्या दिवसांतील दिल्ली-कोलकाता विमानांचे वेळापत्रक पाहावे. अंतर दोन्ही बाजूंनी तेच, पण कोलकात्याहून परतीच्या प्रवासास अधिक वेळ दिलेला आढळतो. त्या जादा मिनिटांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाऱ्याचे मोजमाप असते.