ठराव मंजूर झाला, पण पाणी मिळालं का? महाडच्या सुरबानाना टिपणीसांची नगरपालिका काय शिकवते?

डिसेंबर २०२५मध्ये रायगड जिल्ह्यातल्या दहा नगरपरिषदांची निवडणूक झाली. मुरूड-जंजिऱ्यात मतदान झालं, पण त्याच तालुक्यातल्या काशीदमध्ये झालं नाही. कारण साधं आहे. काशीदला ग्रामपंचायत आहे, नगरपरिषद नाही. किनाऱ्यावरचा कचरा असो की नळाचं पाणी, काशीदकर सरपंचांकडे जातात आणि मुरूडकर नगराध्यक्षांकडे.

प्रचारात मात्र दोन्हीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आम्ही ठराव मंजूर केला.’ ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं का? याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, महाडमध्ये आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षं पूर्ण होतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी महाड नगरपालिकेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं नाव मात्र अनेकांनी ऐकलेलंही नसतं.

कोण होते सुरबानाना टिपणीस?

पूर्ण नाव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. महाडचे नगरपालिका अध्यक्ष आणि समाजसुधारक. ते स्वतः कायस्थ प्रभू समाजातले, म्हणजे ज्यांना तळ्यावर कुणी अडवत नव्हतं अशांपैकी. तरीही शहरातल्या सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, ही भूमिका त्यांनी घेतली आणि डॉ. आंबेडकरांना महाडला बोलावण्यात पुढाकार घेतला. पुढे लोकांनी त्यांना ‘दलितमित्र’ म्हटलं.

ठराव नेमका काय होता?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशांतून किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांकडून चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला.

मग पुढची तीन वर्षं काय झालं?

कागदावर तळं खुलं होतं, प्रत्यक्षात नाही. सवर्णांच्या विरोधापुढे कुणी पाण्यापर्यंत जाऊ शकत नव्हतं आणि नगरपालिकेने त्यासाठी काही व्यवस्था केली नव्हती. १९२६मध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला. जी स्थानिक संस्था अंमल करणार नाही तिचं सरकारी अनुदान रोखा, अशी मागणी त्यात होती. त्यानेही महाडमध्ये फरक पडला नाही.

अखेर १९ आणि २० मार्च १९२७ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव त्या दिवशी लोकांनी स्वतः अमलात आणला. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. तळं ‘बाटलं’ म्हणून पंचगव्याने त्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं.

ठराव मागे कसा घेतला गेला?

ज्या सभागृहाने ठराव केला, त्याच सभागृहाने तो रद्द केला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती.

इथेच एका खुर्चीची मर्यादा दिसते. अध्यक्षाचं मत कितीही ठाम असलं तरी ठराव टिकतो सभागृहातल्या बहुमतावर. बहुमत फिरलं की ठरावही फिरतो.

मग मतदार काय करत होते?

तेव्हा सर्वांना मत नव्हतं. नगरपालिकेचा मताधिकार मालमत्ता आणि कर भरण्याशी जोडलेला होता. त्यामुळे ज्यांच्यासाठी तळं खुलं करायचं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं नाव मतदारयादीत असण्याची शक्यताच नव्हती. ठराव रद्द करणाऱ्या सदस्यांना त्यांच्या मतांची भीती नव्हती. काशीद तर तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होतं. मुंबई कायदेमंडळाचा ठराव तिथे लागूही नव्हता.

कोर्टात काय झालं?

डिसेंबर १९२७मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली. त्याआधीच विरोधकांनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. सत्याग्रहींनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर जाणं कोर्टाच्या आदेशामुळे थांबवलं. १९३१ला खालच्या न्यायालयात, १९३३ला अपिलात आणि १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचं विरोधकांना सिद्ध करता आलं नाही. पहिल्या ठरावापासून हा हक्क कोर्टात पक्का व्हायला तेरा वर्षं लागली.

टिपणीसांचं पुढे काय झालं?

नगरपालिकेने माघार घेतली, टिपणीसांनी नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत या पक्षातर्फे टिपणीस कुलाबा जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. (कुलाबा म्हणजे आजचा रायगड. नाव १९८१मध्ये बदललं.) ज्या वर्षी तळ्याचा अंतिम निकाल लागला, त्याच वर्षी ते आमदार झाले.

आज यातून काय घ्यायचं?

आज प्रत्येक प्रौढाला मत आहे आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. पण ठरावाचं गणित फारसं बदललेलं नाही. नगराध्यक्षाला आजही सभागृहाचं बहुमत लागतं. १९६५च्या नगरपरिषद कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकारही दिला आहे.

म्हणून ‘ठराव केला’ असं कुणी सांगितलं, तर तुम्ही चार गोष्टी विचारा:

• ठराव क्रमांक आणि तारीख काय? त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

• अर्थसंकल्पात त्यासाठी पैसे ठेवले आहेत का?

• निविदा निघाली का, कामाचा आदेश दिला का?

• ठराव नंतर रद्द किंवा स्थगित झाला आहे का?

काशीदसारख्या गावात तर एक जास्तीची सोय आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. हे प्रश्न तिथे उभं राहून थेट विचारता येतात. १९२७ला तळ्यावर चालत गेलेल्यांना सभागृहात प्रश्न विचारायची अशी जागा नव्हती.