फासेवाल्यांची विद्या

रानपक्षी हातात धरायची एक रीत आहे. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला टेकलेली, उरलेली बोटं पंखांभोवती अलगद. छाती आवळली तर पक्षी गुदमरतो, कारण श्वासासाठी ती हलावीच लागते. पकड सैल पडली तर फडफडून तो पंख दुखावून घेतो. एवढं साधलं की मग वजन, पंखाची लांबी आणि पायात नंबर-पत्ता कोरलेलं ॲल्युमिनियमचं हलकं कडं.

ही पकड आज प्राणिशास्त्राचे पदवीधर शिबिरांत शिकतात. भारतात मात्र या कामाचा मोठा आधार होते बिहारचे मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणारे लोक. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप, म्हणजे माकडताप, आढळला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून त्याचा विषाणू येत असेल का, ही शंका होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डॉ. सालिम अलींनी १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभारला. हजारो पक्षी जिवंत धरायचे होते. सालिम अलींनी मीरशिकारांनाच कामावर घेतलं. त्यांतले अली हुसेन पुढे फार नावाजले.

मीरशिकारांची हत्यारं साधी: जाळी, फासे, बांबूच्या टोकाला लावलेला चिकट चीक. खरं भांडवल निरीक्षणाचं. कोणता पक्षी कुठल्या वाटेने पाण्यावर उतरतो, कशाला बिचकतो, हे पोटासाठी शिकलेलं. पिंजऱ्यासाठी विकायचा पक्षी धडधाकट लागतो, म्हणून धंद्यानेच त्यांना हळुवार हात दिला.

अशा अनुभवाची किंमत १९८६ मध्येही दिसली. १९०० नंतर नाहीसा झालेला मानला गेलेला जेर्डनचा धाविक हा पक्षी आंध्रातल्या कडप्पा भागात पुन्हा सापडला, तो रात्री बॅटरीच्या उजेडात एका स्थानिक शिकाऱ्याने धरल्यामुळे. महाराष्ट्रात तित्तिर-लाव्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या फासेपारध्यांकडेही हीच विद्या आहे. इंग्रजांनी मात्र पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि नंतरच्या व्यापारबंदीने रानपक्ष्यांचा धंदा बेकायदा ठरला, ते योग्यच झालं. पण धंदा बंद होताना हातची विद्याही वाऱ्यावर सुटली. पदवीइतकाच या अनुभवालाही संशोधनात पगार मिळायला हवा. सालिम अलींनी तो साठहून अधिक वर्षांपूर्वी दिला होता.