गादीच्या पोटात काय आहे?

गादी घेताना आपण खोळीचं कापड बघतो, तळहाताने दाबतो आणि भाव करतो. आत काय भरलंय, याची चौकशी क्वचितच होते. खरं तर अंगाचा घाम कुठे जातो आणि दबलेली गादी पुन्हा उठते का, हे दोन्ही त्या भरणावर ठरतं.

घामाचं गणित वस्त्रशास्त्राने मांडलेलं आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के बाष्प धरते, कापूस ८ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. माळावर रात्र काढणाऱ्या धनगराची घोंगडी दमट हवेतही ऊब देते, ती यामुळेच. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगडी विणणारे सणगर मागावर चढवण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी अंगाला टोचते. वापरता वापरता ती मऊ पडते.

कापूस घाम टिपतो, पण वजनाखाली दबून त्याचे गोळे होतात. इथे पिंजाऱ्याचं काम सुरू होतं. धनुष्यासारख्या पिंजणीची तांत तो कापसात धरतो आणि तिच्यावर लाकडी ठोकळ्याने ठोके देतो. तांत थरथरते, चिकटलेले तंतू सुटे होतात, धूळ आणि सरकीचा चुरा खाली झडतो. फुललेला कापूस गादीपाटात भरून दाभणाने टाके घातले, की तो जागचा हलत नाही. आखूड, खरबरीत धाग्याचा गावरान कापूस भरणाला अधिक चांगला, कारण तो लवकर चपटा होत नाही.

सावरीचा कापूस वेगळ्या जातीचा. तंतू आतून पोकळ, वरून मेणचट आणि गुळगुळीत. तो सहज कातता येत नाही, पाण्यात पटकन भिजत नाही. पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत तो भरत असत. उशीला उत्तम, मात्र पेट चटकन घेतो.

नारळाच्या सोडणातला काथ्या लिग्निनमुळे चिवट असतो. त्यावर रबराचा चीक फवारून थर दाबले, की टणक गादी तयार होते. तिच्यातून हवा खेळते, त्यामुळे कोकणच्या दमट हवेत ती सोयीची.

फोमचं मूळ १९३७ सालच्या जर्मनीत. ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. गाद्यांचा मऊ फोम त्यानंतर आला. तो हलका आणि उचलायला सोपा, पण उष्णता धरून ठेवतो आणि जळाल्यास विषारी धूर सोडतो. फोमची जाडी पाहून फसू नये. घनमीटरला किती किलो, ही घनता विचारावी. हलका फोम लवकर बसतो.

नव्या गादीच्या दुकानात शिरण्याआधी घरातली जुनी कापसाची गादी उसवून पिंजाऱ्याला दाखवा. कापूस कुजलेला नसेल, तर त्याचीच पुन्हा गादी होते. दबलेला फोम मात्र पिंजून फुलत नाही.