विश्लेषण : जन्मताच प्राणवायू कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूसाठी रक्तातील साखर का महत्त्वाची?

बाळ जन्मले, पण रडले नाही. डॉक्टरांनी श्वास सुरू करून दिला आणि बाळ नवजात अतिदक्षता विभागात हलवले गेले. आई-वडिलांना वाटते, संकट टळले. मेंदूची खरी परीक्षा मात्र पुढच्या काही तासांत असते. त्या तासांत टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब बरेच काही सांगून जातो.

नेमके काय होते?

प्रसूतीच्या वेळी नाळ दबली, वार लवकर सुटली किंवा प्रसूती फार लांबली, तर बाळाच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडतो. यातून होणाऱ्या इजेला वैद्यकीय भाषेत ‘हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी’ म्हणतात. ही इजा दोन टप्प्यांत होते. श्वास सुरू झाल्यावर पेशी काही काळ सावरतात. मात्र साधारण सहा तासांनंतर त्यांचा ऊर्जापुरवठा पुन्हा कोलमडू शकतो. मधला हा काळ उपचारांसाठी मोलाचा असतो.

साखरेचा संबंध काय?

मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. प्राणवायू नसेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून ‘एटीपी’ या ऊर्जावाहक रसायनाचे जेमतेम दोनच रेणू हाती लागतात. प्राणवायू असेल तर तीसच्या आसपास. त्यामुळे गुदमरलेल्या बाळाच्या यकृतातील साठा झपाट्याने संपतो आणि साखर घसरते. उलट, ताणामुळे ॲड्रिनलीनसारखी संप्रेरके वाढली की तीच साखर उसळी घेते. म्हणजे एकाच आजारात दोन्ही टोके दिसू शकतात.

पुरावा काय?

डोके थंड ठेवण्याच्या उपचारासाठी झालेल्या ‘कूलकॅप’ चाचणीत २३४ बाळे होती. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील नोंदी नंतर पुन्हा तपासल्या गेल्या. पहिल्या १२ तासांत साखर ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून खाली गेलेल्या, तसेच १५० च्या वर गेलेल्या बाळांमध्ये मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचे प्रमाण अधिक आढळले. येथे एक सावधगिरी हवी. जिथे इजा मोठी, तिथे साखरही अधिक बिघडते. त्यामुळे बिघडलेली साखर हे नुकसानीचे कारण की केवळ लक्षण, याचा निवाडा अशा नोंदींवरून होत नाही.

मग उपचार कोणते?

श्रीमंत देशांत सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास बाळाचे तापमान ३३.५ अंशांच्या आसपास ठेवणे हा रूढ उपचार आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ‘हेलिक्स’ चाचणीत (२०२१) मात्र त्याचा लाभ दिसला नाही. उलट थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण ४२ टक्के, तर इतरांत ३१ टक्के होते. या चाचणीत ४०८ बाळे होती आणि सहभागी रुग्णालयांत मुंबईचे शीव रुग्णालयही होते. म्हणूनच आपल्याकडे श्वास, रक्तदाब, झटके आणि साखर यांची चोख काळजी अधिक महत्त्वाची ठरते. साखर मोजायला महागडे यंत्र लागत नाही. ती ठरावीक अंतराने तपासायची, कमी असल्यास शिरेवाटे डेक्स्ट्रोज द्यायचे आणि वाढल्यास त्याचे प्रमाण बेताने कमी करायचे. इन्सुलिन मात्र जपूनच वापरले जाते, कारण त्याने साखर एकदम कोसळू शकते.

पालकांनी काय करावे?

बाळ उशिरा रडले असेल, सुस्त असेल, दूध ओढत नसेल किंवा झटके येत असतील, तर ‘साखर तपासली का, किती होती, पुन्हा कधी तपासणार?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे. घरच्या घरी मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवू नये. सुस्त बाळाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते, शिवाय मधातून जंतुसंसर्गाचा धोका असतो. बाळ घरी आल्यावरही मान धरणे, बसणे, नजर आणि ऐकणे यांची वेळोवेळी तपासणी चुकवू नये. साखर आटोक्यात ठेवल्याने झालेली इजा पुसली जात नाही, पण सावरू पाहणाऱ्या मेंदूवर आणखी एक घाव बसू न देणे आपल्या हातात असते.