अमेरिकेतील मेडिकल असिस्टंट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या बाह्यरुग्ण दवाखान्यात रुग्णाचे नाव पुकारून त्याला आत नेणारी, वजन आणि रक्तदाब पाहणारी, चालू औषधांची चौकशी करणारी व्यक्ती बहुतेक वेळा मेडिकल असिस्टंट असते. अंगावरचा गणवेश पाहून रुग्ण तिला सर्रास नर्स म्हणतात. हा पहिला गैरसमज. नोंदणीकृत नर्सला ‘एनक्लेक्स’ परीक्षा देऊन राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि रुग्णाच्या प्रकृतीचे मूल्यमापन करण्याचा अधिकार त्या परवान्यातून येतो. असिस्टंटला तो अधिकार नसतो. तिचे काम डॉक्टरांच्या किंवा अन्य परवानाधारकांच्या देखरेखीखाली चालते. फिजिशियन असिस्टंट हे पद तर आणखी वेगळे. ती व्यक्ती पदव्युत्तर शिक्षण घेतलेली असते, रोगनिदान करते आणि औषधे लिहून देते. मेडिकल असिस्टंट म्हटल्यावर मराठी वाचकाला कंपाउंडर आठवेल, पण औषधाच्या पुड्या बांधणे तिच्या कामात येत नाही.

‘सर्टिफाइड’ म्हणजे सरकारी परवाना, अशीही समजूत आहे. सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) हे प्रमाणपत्र १९५६ साली स्थापन झालेली अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स ही व्यावसायिक संघटना देते. त्यामागे साधारण वर्षभराचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, दवाखान्यातला प्रत्यक्ष सराव आणि २०० प्रश्नांची परीक्षा असते. त्याची मुदत ६० महिन्यांची. पुढे पुन्हा परीक्षा देऊन किंवा निरंतर शिक्षणाचे गुण मिळवून ते टिकवावे लागते. कायदा मात्र राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्निया मेडिकल असिस्टंटना परवाना देत नाही, तर वॉशिंग्टन राज्यात आरोग्य विभागाकडून रीतसर मान्यता घ्यावी लागते.

इंजेक्शनबद्दल दोन टोकांच्या कल्पना ऐकू येतात : असिस्टंटने सुईला हातच लावू नये, किंवा सुई टोचता आली की सगळेच करता येते. कॅलिफोर्नियात ठरलेले प्रशिक्षण घेतल्यावर स्नायूत, त्वचेखाली आणि त्वचेत इंजेक्शन देता येते, तपासणीसाठी रक्तही काढता येते. शिरेतून सलाइन सुरू करता येत नाही. बोटाच्या थेंबातून साखर पाहता येते, पण त्या आकड्याचा अर्थ रुग्णाला सांगणे तिचे काम नाही. फोनवर तक्रार ऐकून ‘उद्या आलात तरी चालेल’ असे स्वतःच्या अंदाजाने ठरवणेही नाही. मोजायचे, नोंदवायचे, योग्य माणसापर्यंत पोहोचवायचे, निर्णय परवानाधारकाचा.

म्हणून हे काम सोपे, ‘नुसते बीपी घ्यायचे’, असे मानणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. रक्तदाब नीट मोजायचा तर रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसवावे लागते. पाठीला आधार हवा, पावले जमिनीवर सपाट हवीत, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला, हात खाली लोंबत राहिला, पायावर पाय असला किंवा रुग्ण बोलत राहिला, तर आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. त्या आकड्यावर डॉक्टर गोळी वाढवतात. बाहेर रुग्णांची रांग असताना ती पाच मिनिटे न सोडणे हे खरे कौशल्य आहे, आणि रुग्णाला ते बहुधा दिसतही नाही.

‘डॉक्टरांनाच सांगू’ म्हणून असिस्टंटला अर्धवट माहिती देणेही नुकसानीचे ठरते. तिने केलेली औषधांची यादी हीच डॉक्टरांपुढच्या नोंदीची सुरुवात असते. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या मराठी आईवडिलांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. भारतातली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. तेच औषध अमेरिकेत अॅसिटामिनोफेन नावाने, टायलेनॉल म्हणून मिळते. दोन्ही वेगळी समजून एकत्र घेतली, तर मात्रा दुप्पट होऊन यकृताला इजा होऊ शकते. तेव्हा सोबत आणलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक औषधांसह, मूळ पाकिटांतच दवाखान्यात न्याव्यात आणि असिस्टंट विचारेल तेव्हा एकूण एक तिच्यापुढे ठेवाव्यात.