तसबिरीची उरलेली पट्टी आणि सुरतेचे कसब

सुरतेच्या दक्षिणेस, उधन्यापलीकडे पसरलेल्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत, कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या गिरण्यांच्या आश्रयाने जी खानदेशी कुटुंबे भुसावळ-सुरत लोहमार्गाने येऊन स्थायिक झाली, त्यांच्या लहानशा खोल्यांतही सप्तशृंगीची, शिवछत्रपतींची आणि दिवंगत वडीलधाऱ्यांची तसबीर भिंतीवर मानाने विराजमान असते. आणि जेथे तसबिरींना मागणी, तेथे चौकटी करणाऱ्याच्या दुकानी उरलेल्या पट्ट्यांचा साठाही अटळ असतो.

ही शिल्लक निष्काळजीपणातून उद्भवत नाही. ती भूमितीतच आहे. चौकटीस लागणारी पट्टी म्हणजे चित्राचा परीघ अधिक पट्टीच्या (चित्र ज्या खाचेत बसते त्या) खाचेबाहेरील रुंदीची आठपट, कारण चारही कोपरे 45 अंशांत कापावे लागतात. 12 बाय 18 इंचांच्या चित्रास खाचेबाहेर दीड इंच रुंद पट्टी लावली, तर 72 इंच खर्ची पडतात. 10 फुटी पट्टीतून उरलेल्या 48 इंचांत 5 बाय 7 इंचांची आणखी एक चौकट निघते, आणि करवतीची झीज वजा जाता जेमतेम फूटभर तुकडा उरतो, ज्याची उपयुक्त चौकट होत नाही.

परंतु त्या फूटभर तुकड्यात रंध्याने काढलेला घाट असतो, जुन्या सोनेरी पट्टीवर तर खडू व सरस यांचे घासून गुळगुळीत केलेले लेप आणि त्यांवर चढविलेला वर्खही असतो. म्हणजे कारागिरीचा मोठा भाग आधीच संपन्न झालेला असतो.

याचे मोल कसे करावे, हे सुरतेच्या सादेली कामाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. इराणातील शिराझहून सिंधमार्गे आलेल्या या कलेत चंदन, अबनूस, हस्तिदंत, शिंग व कथिल यांच्या बारीक त्रिकोणी वा षट्कोनी कांड्या सरसाने एकत्र जखडून त्यांचा जुडगा आडवा कापतात, आणि प्रत्येक पातळ चकतीत उमटलेली तीच नक्षी पेटीवर बसवितात. हस्तिदंताच्या व्यापारास कायद्याने बंदी झाल्यावर पर्यायी जिन्नस आले, पण तत्त्व तेच राहिले: येथे महत्त्व लांबीला नसून छेदाला आहे. लांबी सरलेल्या पट्टीचाही छेद अखंड असतो.

म्हणून आखूड तुकड्यांची पाठ रंधून, ते शेजारी शेजारी चिकटवून, त्यांची तबके, पेट्यांची झाकणे आणि देव्हाऱ्याच्या कडा करता येतात. मात्र काही दंडक पाळावे लागतात. लेप उडू नये म्हणून करवत दर्शनी बाजूने चालवावी. जेथे जोड द्यायचा तेथील वर्ख व रंग खरवडून कोरे लाकूड उघडे करावे. आणि आडव्या कापाचा जोड केवळ सरसाच्या भरवशावर न सोडता खिळ्याने बळकट करावा. प्लास्टिकच्या पट्ट्या प्रथमच वेगळ्या काढाव्यात, कारण त्या लाकडाचा सरस धरीत नाहीत. रंगविलेले तुकडे चुलीत वा बंबात घालणे तर सर्वथा वर्ज्य मानावे, त्यांचा धूर आरोग्यास घातक असतो.

ज्या नगराने छेदाचे मोल ओळखणारी विद्या जोपासली, त्याच्याच उपनगरात असे तुकडे जळणात जावेत हे उचित नाही. चौकटकाराने ते घाटांनुसार निराळे ठेवण्याची तजवीज केली, आणि शेजारच्या सुताराने ते वजनावर विकत घेतले, तर पहिल्याची अडगळ दूर होईल आणि दुसऱ्यास घडविलेले लाकूड स्वस्तात मिळेल. भांडवलाची वाण असलेल्या कामगार वस्तीत याहून सुलभ उद्योग क्वचितच सापडेल.