पोरगं बरं असताना द्यायचं औषध

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास घुटमळत असतो, शाळा बंद असतात आणि बालदमा असलेल्या मुलांच्या घरांत एक समज हळूच रुजतो: पोरगं आता बरं झालं. रात्रीचा खोकला नाही, छातीची घरघर नाही, उन्हं कलली की गल्लीत क्रिकेट. याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. लेकी मुलांना घेऊन माहेरी निघतात आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप सासरच्या कपाटात राहतो. कुणी मुद्दाम ठेवत नाही. दोन-चार दिवसांनी आठवण झालीच तर आजी विचारते, “पोऱ्या ते बरा शे, मंग पंप कसाले?”

आजीचा प्रश्न रास्त आहे. ताप आला की गोळी, उतरला की बंद, हा आपल्या घरांतला औषधाचा रिवाज. पण दम्याच्या मुलाला दोन वेगळी औषधं दिलेली असतात आणि त्यांतलं एकच या रिवाजात बसतं. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप तात्पुरत्या आरामाचा: श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो. दुसरा पंप प्रतिबंधक. त्यात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन असं स्टेरॉइड असतं आणि ते घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. दोन्ही पंप दिसायला सारखे. कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून रंगावर न जाता नाव वाचावं, आणि दोन्हींवर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘रोजचा’ आणि ‘दम लागल्यावरचा’ असं लिहून टाकावं.

रोजच्या पंपाचं काम स्नायूंवर नसतं, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर असतं. दम्यात हे अस्तर मूल खेळत-बागडत असतानाही थोडं सुजलेलं राहतं. त्यात इओसिनोफिलसारख्या पेशी जमलेल्या असतात, चिकट स्राव तयार असतो. थोडी सूज म्हणजे किती त्रास, हे गणितच सांगतं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून शांतपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. सहा वर्षांच्या मुलाच्या नळ्या मुळातच अरुंद. तिथे सुजेचा पातळसा थरही महागात पडतो.

स्टेरॉइडचा रेणू पेशीत शिरतो, तिच्या केंद्रकापर्यंत जातो आणि सूज वाढवणारी रसायनं बनवायला सांगणारी जनुकं मंदावतो. हे काम तासांचं आणि दिवसांचं आहे. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पुरता गुण यायला काही महिनेही. यातला फसवा भाग पुढेच आहे. औषध बंद केल्यावर सूजही तशीच सावकाश परतते. आखाजीला पंप सुटला तर मे महिन्यात काहीच घडत नाही. घडतं ते जूनच्या मध्याला, आणि तोवर कपाटातला पंप सगळे विसरलेले असतात. मग खापर फुटतं पहिल्या पावसावर, मामाकडच्या कुल्फीवर, नाहीतर माठातल्या गार पाण्यावर.

जून आपल्याकडे मुलांच्या छातीला अवघडच. उन्हाळाभर कोरड्या हवेत रोडावलेले धुळीतले सूक्ष्म माइट दमट हवेत पुन्हा वाढू लागतात, ओलीला बुरशी धरते आणि शाळा उघडते. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं एकमेकांना सर्दी वाटू लागतात. मुलांच्या दम्याला भडकवण्यात सर्दीच्या विषाणूंचा हात सगळ्यात मोठा. कॅनडा आणि इंग्लंडमध्ये शाळा सप्टेंबरात उघडतात. तिथे दरवर्षी सप्टेंबरात दम्याने रुग्णालयात येणाऱ्या मुलांची लाट येते, आणि सुट्टीत सुटलेलं औषध हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणून खान्देशातल्या घराने आपली मोजणी तिथून मागे करावी: मे महिन्यातला प्रत्येक दाब हा जूनसाठी असतो.

याच दिवसांत, मृगाच्या मुहूर्तावर, हैदराबादला बथिनी कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडात पिवळा लगदा भरून तो मासा दमेकऱ्यांना गिळायला देतात. महाराष्ट्रातूनही माणसं जातात. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देण्याची प्रथाही आपल्याकडे ठिकठिकाणी आहे. या उपायांनी दमा जातो असा पुरावा नाही. पण मला खिरीची तितकी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ‘आता पंपाची गरज नाही’ या वाक्याची. कारण मृग आणि कोजागरी हे दोन्ही मुहूर्त हवापालटाच्या तोंडावर येतात.

पंप मध्येच सोडल्याने काय होतं, याचा एक मोठा हिशेब 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या सुमारे तीस हजार दमेकऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. वर्षभरात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसा दम्याने मृत्यूचा दर सुमारे 21 टक्क्यांनी घटत गेला. आणि औषध बंद केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण, औषध चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी असल्याचा अंदाज आहे, म्हणजे जगातल्या दर शंभरांत तेराच्या आसपास. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी सुमारे 42 टक्के आपल्याकडे होतात. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्यांपैकी 82 टक्के लोकांना दमा असल्याचं निदानच झालेलं नव्हतं. आपल्याकडे ‘अ‍ॅलर्जिक खोकला’ आणि ‘कफाची प्रकृती’ या गोंडस नावांखाली बरंच काही झाकलं जातं.

स्टेरॉइड म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. इथे एकक पाहावं. प्रेडनिसोलोनची एक गोळी 5 मिलिग्रॅमची, म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइडच्या 100 मायक्रोग्रॅमच्या पंपाचा सकाळी एक आणि रात्री एक दाब म्हणजे दिवसाला 200 मायक्रोग्रॅम, आणि तेही थेट हवं तिथे. गिळला गेलेला बहुतेक भाग यकृत रक्तात पसरण्याआधीच निकामी करतं. म्हणून दुष्परिणाम शून्य, असं मात्र म्हणता येणार नाही. उत्तर अमेरिकेत 5 ते 12 वयाच्या हजारावर मुलांना काही वर्षं रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड किंवा इतर उपचार देऊन ती मोठी होईपर्यंत मोजली गेली. 2012 साली निष्कर्ष आला: ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. हा फरक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच पडला, नंतर वाढत गेला नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जागून काढलेल्या रात्री, बुडालेली शाळा आणि दर झटक्याला द्यावा लागणारा तोंडावाटे स्टेरॉइडचा मोठा डोस ठेवला, तर मला तरी सौदा कुठला हे कळायला वेळ लागत नाही. मात्रा सर्वांत कमी, पण पुरेशी ठेवायची आणि दर भेटीत मुलाची उंची मोजायची, हे काम डॉक्टरांचं. साधारण तीन महिने मूल उत्तम राहिलं की तेच मात्रा उतरवण्याचा विचार करतात, आणि तोही सर्दी नसताना, प्रवास नसताना.

आता औषध पोटात न जाता छातीत कसं जाईल, याकडे येऊ. निम्मी घरं इथे हरतात.

दाबाचा पंप 1956 साली अमेरिकेत रायकर कंपनीने बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, माझं औषध फवाऱ्यासारखं का मिळत नाही, असं विचारलं होतं म्हणतात. कल्पना झकास, पण फवारा सुटतो फार वेगाने. मुलाच्या तोंडात थेट उडवला तर बहुतेक औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतं. फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचायला कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे लागतात आणि त्यांचा वेग कमी लागतो. हे काम स्पेसर करतो. त्या पोकळ नळकांड्यात फवारा मंदावतो, जड थेंब भिंतीला चिकटतात आणि हलकं धुकं मुलाच्या श्वासाची वाट पाहत तरंगतं.

म्हणून लहान मुलाला स्पेसरशिवाय दाबाचा पंप देऊ नये. चार-पाच वर्षांपर्यंत स्पेसरला मास्क लावायचा आणि तो नाका-तोंडावर घट्ट बसवायचा. बाजूला फट राहिली तर बरंच औषध वाया जातं. पंप नीट हलवायचा, एकच दाब द्यायचा, मुलाने सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. दुसरा दाब सांगितला असेल तर पंप पुन्हा हलवून. घाईत दोन दाब एकदम सोडले की थेंब एकमेकांना चिकटून जड होतात. मूल रडत असेल तर ‘रडताना जोरात श्वास घेतो, छान जाईल’ हा समज खोटा आहे. रडताना छातीत फारच थोडं उतरतं. मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत, बाहुलीला आधी मास्क लावून दिलेलं औषध जास्त पोहोचतं. आपल्याकडे स्वस्त म्हणून कॅप्सूलचा पंप पुष्कळ चालतो, पण त्यातली पावडर मुलाने स्वतः जोरात ओढावी लागते. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला ते जमत नाही. काही घरांत ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळलीही जाते.

स्पेसर धुण्यात एक गंमत आहे. प्लॅस्टिकवर स्थिर वीज साचते आणि ती औषधाचे कण आपल्याकडे ओढून घेते. कापडाने चकचकीत पुसला की ही वीज आणखी वाढते. भांड्याचा साबण थोडा घातलेल्या कोमट पाण्यात धुवायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. खान्देशातल्या कोरड्या हवेत ही वीज रेंगाळते, त्यामुळे इथे तर हा नियम मोडूच नये.

औषध घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. तोंडात राहिलेल्या स्टेरॉइडमुळे पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. म्हणून पंप दात घासण्याच्या आधी ठेवावा. ब्रश रोजचा असतो, त्याच्या जोडीने पंपही रोजचा होतो आणि चूळ आपोआप भरली जाते. मास्क वापरत असाल तर तोंडही पुसावं.

उन्हाचं काय? पंपाच्या डब्यांवर साधारणपणे 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. आत दाबाखालचा वायू आहे, 50 अंशांपुढे डबी फुटण्याचा धोका असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हा आकडा सहज ओलांडला जातो आणि मोटारसायकलची डिकी त्याहून बरी नाही. जुन्या धाब्याच्या घरातल्या मधल्या खोलीतला कोनाडा ही उत्तम जागा. पत्र्याच्या घरात चुलीपासून आणि खिडकीपासून लांब, जमिनीलगतचा कप्पा. फ्रीजरमध्ये मात्र नको, कारण थिजलेल्या पंपातून औषध कमी येतं. कॅप्सूल असतील तर माठाजवळची ओलही टाळावी.

राहिली मोजणी. डबी संपली तरी आतला वायू फुस्स करत राहतो. आवाजावरून आणि हलवून काही कळत नाही, पाण्यात तरंगवून बघण्याची जुनी युक्तीही बेभरवशाची. काही पंपांवर दाब मोजणारा आकडा असतो, तो नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. 200 दाबांची डबी दिवसाला दोन दाबांनी 100 दिवस पुरते. उघडल्याची तारीख लिहा, शंभराव्या दिवसावर गोल करा. दिवाळीत उघडलेली डबी होळीलाही चालूच असेल, तर दाब चुकलेत. मुलाला न रागावता, घरातल्या कुणाकडे ती जबाबदारी होती हे आधी पाहावं.

धुराबद्दल इथे बोलायलाच हवं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात, आणि मजा अशी की त्या काड्यांच्या धुरामुळेच भरताला चव येते. भरीत खाऊ द्या. वांगी भाजताना मात्र मूल वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब असू द्या. पऱ्हाट्यांची चूल रोज घरात पेटत असेल तर प्रश्न जास्त गंभीर आहे. तो धूर रोज आहे आणि पंपाला रोज त्याच्याशी झगडावं लागतं. बापाची बिडी-सिगारेट अंगणात ओढली तरी कपड्यांना चिकटून आत येतेच.

आणि एवढं करूनही कधी झटका येईल. त्या वेळी रोजच्या पंपाचे जादा दाब मनाने देत बसू नये. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे दम लागल्यावरचा पंप स्पेसरमधून द्यावा. ही योजना कागदावर मागून घ्या, एक प्रत शाळेत बाईंकडे द्या, पंपासह. नेब्युलायझर मशीनची ‘वाफ’च खरी, असं अनेकांना वाटतं, पण साध्या आणि मध्यम झटक्यात पंप-स्पेसर मशीनइतकाच गुण देतो आणि वीज गेली तरी चालतो. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल गुंगीत जातं किंवा दिलेल्या पंपाचा गुण चार तासही टिकत नाही, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. चोपडा-यावलच्या किंवा शिरपूरच्या सातपुड्यालगतच्या पाड्यावरून जळगाव-धुळ्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंतची वाट लांबची असते, त्यामुळे तिकडच्या घरांनी तर आणखी लवकर निघावं. 108 ला फोन करायचा, मुलाला आडवं न निजवता बसतं ठेवायचं आणि गाडी येईपर्यंत आरामाचा पंप योजनेत लिहिल्याप्रमाणे स्पेसरमधून देत राहायचा.